उशिरा दाखल

"कुठं गाठ, सूज, न भरणारी जखम?"

बाहेरच्या खोलीतून कल्याणचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरात विजयाबाईंच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. एरवी भांड्याच्या कडेला साय नुसती हलली तरी ज्यांचा हात आपोआप शेगडीकडे जायचा, त्या विजयाबाई तशाच उभ्या राहिल्या… डाव्या बाजूला पदर घट्ट दाबून धरलेला, आणि दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर.

कल्याण हा विम्याचा एजंट, नारायणरावांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना त्याला एक धडा सलग वाचता आला नव्हता; आता तो फॉर्मवरचे चाळीस प्रश्न एका दमात वाचत होता. श्रीगोंद्यात त्याच्याइतका शुद्ध वाचणारा माणूस आता उरला नव्हता, असं नारायणराव कौतुकानं सांगत.

"काही नाही. 'नाही' लिही," नारायणरावांनी खुर्चीतूनच उत्तर दिलं. "तिला काय होतंय? दगड आहे आमची विजी."

विजयाबाईंबद्दलच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं गेली कित्येक वर्षं नारायणरावच देत आले होते. त्यात दुष्टपणा नव्हता. आवाज त्यांचा मोठा होता, आणि बाई बहुधा स्वयंपाकघरात असत, एवढंच.

"वय?"

"आधारप्रमाणे एकोणसत्तर. म्हणजे माझ्याहून एक वर्षानं लहान." नारायणराव हसले. आता गोष्ट येणार, हे विजयाबाईंनी ओळखलं आणि फडकं घेऊन त्या खाली बसल्या.

गोष्ट आली. "अरे, बहीण असून ही माझ्या वर्गात होती. पहिलीत मी सहा वर्षांचा, आणि ही दहा वर्षांची घोडी. बसकरपट्टीवर पाय मावत नव्हते. आमचे वडील, आप्पा, म्हणायचे, पोरीचं डोकं चालत नाही, म्हणून उशिरा घातली. गुरुजींनी दोघांना एकाच आठवड्यात दाखल केलं. पण एका आईला एका दिवशी दोन पोरं कशी दाखवायची? जुळी लिहावीत तर तपासणीला साहेब विचारणार. म्हणून मला लिहिलं एक जून पंचावन्न आणि हिला एक जून छप्पन्न. वर म्हणाले, मुलीचं वय कमी असलेलं बरं, पुढं लग्नाला उपयोगी पडतं."

लग्न काही झालं नाही. वय मात्र कमी राहिलं.

कल्याण जेवढं हसायला हवं तेवढं हसला. चहा घेऊन आलेल्या विजयाबाईंकडे त्यानं एकदा पाहिलं. पांढरे केस, वाकलेली पाठ, हाताच्या शिरा वर आलेल्या… आणि त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"सर, एक सांगू? या वयाला कंपन्या घ्यायचं म्हणतात, पण मन लावून घेत नाहीत. तपासण्या होणार, हप्ता दांडगा येणार, आणि आधीचा काही आजार निघाला तर वर्षानुवर्षं थांबा म्हणणार. त्यापेक्षा सत्तर पूर्ण झाले की सरकारी कार्ड मिळतं. पाच लाखांपर्यंत दवाखाना, हप्ता नाही, काही नाही. एक जून म्हणजे चारच महिने राहिले. कशाला भरताय?"

"हे बरं झालं," नारायणराव म्हणाले. "विजे, चार महिने आजारी पडू नकोस."

"नाही पडत," विजयाबाई म्हणाल्या.

गाठ दिवाळीच्या सुमारास हाताला लागली होती. उटणं लावताना.

*

या घरात नारायणराव सोडले तर विजयाबाईंना 'विजे' म्हणणारं कुणीच नव्हतं. त्यांना ताई म्हणायला खरं तर नारायणच होता, पण तो त्यांच्याच वर्गात बसला. वर्गातली पोरं विजे म्हणत, म्हणून तोही म्हणू लागला, आणि आप्पा हसले; तेव्हापासून ते तसंच राहिलं. पुढं तो मास्तर झाला, हेडमास्तर झाला, त्याची बायको दोन लेकरं मागं ठेवून गेली, ती लेकरं आत्याच्या हाताखाली वाढली. राजस पुण्याला नोकरीला लागला, मनवा नगरला. विजयाबाईंनी साखर कारखान्यातल्या एकट्या राहणाऱ्या कारकुनांना गळीत हंगामभर डबे घातले; नारायणाचं मास्तरकीचं शिक्षण त्या डब्यांवरच झालं. पण 'ताई' हा शब्द या घरात कुणाच्या तोंडी बसला नाही, तो नाहीच.

आणि पहिलीतली ती गोष्ट… ती त्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की नारायण कुठं थांबणार, कुठं मांडीवर थाप मारणार, हे त्यांना पाठ होतं. खरी गोष्ट निराळी होती, पण ती सांगायची नाही असं आप्पांना वचन दिलं होतं. दहा वर्षांच्या पोरीनं दिलेलं वचन, आणि ते पंचाहत्तराव्या वर्षीही शिल्लक होतं. सरकारी कागदावर एवढं टिकलेलं काही आढळत नाही.

*

गाठीचं पहिल्यांदा कळलं ते लंकाबाईला. लंकाबाई धुण्याला येई. मार्चमध्ये एका सकाळी मागच्या अंगणात तिनं एक पोलकं उजेडाकडं धरलं.

"बाई, ह्ये काय हाय?"

"हळदीचा डाग."

"हळद आतल्या अंगानं लागती व्हय?"

लंकाबाईनं हात पुसले, जवळ आली, विचारल्याशिवाय पदर बाजूला केला… आणि मटकन धुण्याच्या दगडावर बसली.

"आगं आई. कधीपासनं?"

"हळू बोल."

"गुरुजीस्नी सांगते मी."

"सांगितलंस तर या घराची पायरी चढायची नाही."

"न्हाई चढत पायरी. मागल्या दारानं यीन. पर सांगते."

तेव्हा विजयाबाईंनी तिचा ओला हात धरला. "लंके, एक जूनला मला सत्तर पूर्ण होतात. कार्ड मिळतं. मग सगळं सरकार बघतं. आज कळलं तर नारायण मागचा पुढचा विचार करणार नाही. मनवाच्या लग्नाचं राखून ठेवलेलं सगळं माझ्या छातीत घालील. तीन महिने गप्प बस. तुला माझ्या गळ्याची शपथ."

"आन् त्या गाठीला कॅलेंडर वाचता येतं का?"

लंकाबाईनं ते पोलकं पुन्हा पाण्यात बुडवलं, आणि दोघीजणी बराच वेळ, जणू त्यातच सगळं आहे, अशा तो डाग चोळत राहिल्या.

*

मनवाला गाठीचं काही ठाऊक नव्हतं. पण आत्या वाळत चाललीय आणि तिच्या नावावर कुठलाच विमा नाही, एवढं तिला दिसत होतं. दर शनिवारी नगरहून आली की ती मोबाईल घेऊन बसे. कंपनीच्या पानावर वय टाकलं की काहीतरी गोल गोल फिरे आणि शेवटी 'आमचे प्रतिनिधी आपणास संपर्क करतील' असं येई. प्रतिनिधी कधी संपर्क करत नसत. विशीतल्या मनवाला मात्र रोज करत.

रेशनकार्डावरच्या योजनेत बघावं, तर कार्ड ऑनलाइन करताना विजयाबाईंचा अंगठा मशीननं घेतला नव्हता. भांडी, शेगडी आणि पापडाचं पीठ यांनी बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या होत्या. नाव गळालं, आणि पुन्हा चढवायचा अर्ज कचेरीत पडून होता.

राजसला फोन लावला. त्याच्या ऑफिसच्या विम्यात आई, वडील, बायको, मुलं, शिवाय सासू-सासरे एवढे रकाने होते. "आत्या नाही गं त्यात," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मी आईच्या रकान्यात आत्याचं नाव टाकू? नाहीतरी…"

"नको," विजयाबाई मागून म्हणाल्या. "तिच्या जागी तिलाच राहू दे. गेलेल्या माणसाची जागा घेऊ नये."

फोन ठेवल्यावर मनवा वडिलांकडं वळली. "बाबा, आत्या खरी तर पंचाहत्तरची आहे ना? मग पाच वर्षांपूर्वीच सत्तर झाले तिला. कशाला जूनची वाट बघायची? सिद्ध करू."

"कशावरून करणार? तिला जन्माला घालताना बघणारे सगळे गेले."

"शाळेच्या रजिस्टरवरून. काहीतरी खाडाखोड, काहीतरी खूण असेलच."

"अगं, सहा-सातशे पोरं मी स्वतः एक जूनला जन्माला घातली आहेत. मला रजिस्टर सांगतेस?" पण मास्तरांना जुनी शाळा आठवली, जुने गुरुजी आठवले, आणि ते खुलले. "जातो. परवाच जातो. गावही बघून होईल."

"नको," विजयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की दोघांनी वळून पाहिलं. "जुनी दप्तरं कशाला उकरायची…"

"बघ, घाबरली. पहिलीचे मार्क निघतील म्हणून," नारायणराव म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली.

*

खर्ड्याच्या पुढं चार मैलांवर त्यांची मूळ वाडी; शाळा तिथली. जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. विजयाबाईंनी तो दिवस गहू निवडण्यात काढला. त्यातले अर्धे गहू आधीच निवडलेले होते.

कारण त्या रजिस्टरात काय आहे, हे त्यांना ठाऊक होतं. नाव घातलं त्या दिवशी दारातच उभं राहून त्यांनी गुरुजींना लिहिताना पाहिलं होतं. नारायण शाळेत एकटा बसेना, रडून रडून निळा पडे. म्हणून दहा वर्षांची विजी रोज त्याला घेऊन येई आणि खिडकीखाली बसून राही. पाचव्या दिवशी गुरुजी म्हणाले, आणतेही हीच, नेतेही हीच, मग हिलाही आत बसू द्या. दौतीत टाक बुडवून त्यांनी नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचली. त्यातला एक शब्द तिला कळला नव्हता. तिनं विचारला. गुरुजींनी सांगितला. शाळेत शिकलेला तो तिचा पहिला शब्द.

दिवेलागणीला नारायणराव परत आले. चपला काढून ते आत आले, पंखा न लावता बसले. लंकाबाई मागच्या दारात वाळलेले कपडे घडी करत होती. विजयाबाईंनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"झालं का काम?"

"नाही. तिथल्या हेडबाई म्हणाल्या, तारीख आहे तीच तारीख. शेऱ्यावरून वय धरता येत नाही."

"बरं."

"विजे, माझ्या नावापुढं शेऱ्याचा रकाना कोरा आहे. तुझ्या नावापुढं नाही."

त्यांनी मोबाईल काढला. रजिस्टरचा फोटो मोठा करायला बोटं लावली, पण अक्षरं सरकत होती. शेवटी न बघताच ते बोलले. आयुष्यभर शेरे लिहिलेल्या माणसाला तो एकदा वाचूनच पाठ झाला होता.

"'मातेच्या निधनामुळे घरी धाकट्या भावास जन्मापासून सांभाळते. सबब उशिरा दाखल.'"

विजयाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आप्पा म्हणायचे, आई मी तीन वर्षांचा असताना तापानं गेली."

"हो, असं म्हणायचे."

"आणि तुझं डोकं चालत नाही, म्हणून…"

"पोरगी घरी ठेवली याची लाज वाटायची त्यांना. म्हणून म्हणायचे."

"आणि तू? ती गोष्ट मी माझ्या लग्नात सांगितली. निरोप समारंभात माईकवर सांगितली. तू समोर होतीस, लोकांना वाढत होतीस…"

"लोक हसायचे. तू चांगली सांगायचास."

"का नाही बोललीस?"

विजयाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. सत्तरी उलटलेला तो माणूस त्यांना त्या घटकेला पुन्हा साडीच्या झोळीत दिसत होता; झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, हात पिठात, आणि तो रडायचा थांबला की जग थांबल्यासारखं वाटायचं…

"बोलले असते तर तू विचारलं असतंस, आई कुठं होती. मग सांगावं लागलं असतं, की तुझं बारसं तिनं पाहिलं नाही. तू जन्मभर स्वतःला खात बसला असतास, नारायण. त्यापेक्षा मी ढ बरी."

नारायणरावांनी चष्मा काढला. तो पुसायचा होता की नाही, हे त्यांनाच कळत नसावं. नुसताच हातात धरून बसले. तेवढ्यात मागच्या दारातून घडी घातलेलं एक पोलकं येऊन त्यांच्या पायाशी पडलं.

"गुरुजी," लंकाबाई म्हणाली, "त्यो शेरा आजून चालूच हाय. तुमाला सांबाळती म्हून आजून बी कुटं दाखल झाली न्हाई ती. माझ्या तोंडाला शपथेचं कुलूप घातलंय बाईनं. पर डागाला घातलेलं न्हाई. बगा तुमीच."

नारायणरावांनी पोलकं उचललं. उलटं करून पाहिलं. मग या घरात कधीच न घडलेली गोष्ट घडली: विजयाबाईंबद्दलचा प्रश्न त्यांनी विजयाबाईंनाच विचारला.

"तुला काही होतंय का?"

चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरताना ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्या विजयाबाईंना आता उत्तर सापडेना. मग त्यांनी मान हलवली. हो.

*

नगरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मनवाच्या वयाची होती. तिनं तपासलं, रिपोर्ट पाहिले, नारायणरावांना आत बोलावलं, आणि डोळे कागदावरच ठेवून म्हणाली, "हाडांत उतरलंय. एवढ्या उशिरा का दाखल केलंत यांना? पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर हातात काहीतरी होतं."

उशिरा दाखल. नारायणरावांनी टेबलाची कड धरली.

"एक जून व्हायचा होता," विजयाबाई पलंगावरून म्हणाल्या. डॉक्टरणीला त्याचा अर्थ लागला नाही. पेशंटला थोडा भ्रम होत असावा, असं तिनं मनात धरलं.

जे करण्यासारखं होतं ते केलं. मनवाचं लग्नाचं राखून ठेवलेलं मोडायला निघाले, तेव्हा विजयाबाई रडल्या, आणि मनवा म्हणाली, "आत्या, अजून नवराच सापडलेला नाही. त्याला सापडू दे, मग बघू." मेच्या मध्याला डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या; दुखू नये एवढंच बघा.

नारायणरावांनी शाळेतल्यासारखी एक वही आखली. तारीख, वेळ, औषध, शेरा. दर सहा तासांनी ते स्वतः औषध देत आणि आपल्या वळणदार अक्षरात नोंद करत. लंकाबाईला ते हात लावू देत नसत. भात करायला शिकले. पहिले आठ दिवस तो भात विजयाबाईंनी निमूटपणे खाल्ला. त्यांच्या आजवरच्या त्यागांत त्याचीही गणना व्हायला हरकत नाही.

एक जून उजाडला. पेपरवाल्यापासून तलाठ्यापर्यंत निम्म्या तालुक्याचा वाढदिवस. मनवानं रजा घेतली होती. अंगठा उमटणार नव्हता, म्हणून तिनं मोबाईल आत्याच्या चेहऱ्यासमोर धरला.

"आत्या, डोळे मिचकाव. तसं केल्याशिवाय घेत नाही."

"का गं?"

"समोर जिवंत माणूस आहे, एवढीच खात्री करून घेतात."

विजयाबाईंनी डोळे मिचकावले. पहिल्यांदा घेतलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळेला मशीनची खात्री पटली. थोड्या वेळानं पडद्यावर कार्ड आलं: फोटो, नाव, वय सत्तर वर्षं. पाच लाखांपर्यंत, दर वर्षी.

"दर वर्षी," विजयाबाईंनी वाचलं, आणि बारीक हसल्या.

मनवा उठून मागच्या अंगणात गेली. लंकाबाईच्या खांद्याला लागलेलं तिचं रडणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

नारायणराव कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. पायाशी घडी घातलेली जुनी साडी होती, ती त्यांनी विजयाबाईंच्या अंगावर पांघरली, कडा खोचल्या.

"ताई," ते म्हणाले.

एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. विजयाबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि कडेनं पाणी ओघळलं… झोळीतल्या पोरानं पहिला शब्द उच्चारावा आणि तो आपल्याच नावाचा असावा, तसं काहीसं झालं असावं.

"काय रे?" त्या म्हणाल्या. लेकराला म्हणतात तसं.

त्यानं वही ओढली, औषधाची नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. विजयाबाईंनी हात पुढं केला. वही जवळ धरून त्यांनी ते अक्षर न् अक्षर लावून वाचलं.

'थोरल्या बहिणीस सांभाळतो. उशिरा दाखल.'

मग बोट दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर टेकवून म्हणाल्या,

"'सबब' राहिलं."

हेडमास्तरांनी मान खाली घातली, आणि सांगितलेल्या जागी तो शब्द घातला.

त्या वहीत पुढं आणखी चौदा दिवसांच्या नोंदी आहेत, मग कोरी पानं. पंधराव्या दिवशी शाळा उघडल्या.